साफ केलेली डस्टी

थर १ : कागद

अकरा छापील पानं पबच्या टेबलावर मांडून टेगन बसली होती. समोर डॅरिल. तो एकेक पान उचलायचा, डोळ्यांपासून लांब धरायचा, खाली ठेवायचा. गुरुवारची दुपार. काउंटरपाशी दोन म्हातारे टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत पेंगत होते.

"ही कोण?" शेवटी त्याने विचारलं.

"तूच. म्हणजे डस्टी."

"नाही बये. ही कुठलीतरी बाई आहे."

थर २ : मजकूर

ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल गावच कोळशाचं, म्हणून नाव डस्टी लोडर, धुळीने माखलेली कोळसा भरणारी. विग चढला की ती, उतरला की तो. तो, म्हणजे डॅरिल डूलन, सव्वीस वर्षं कोळशाच्या गाड्या हाकून आता वृद्धाश्रमात चादरी धुतो. ती दर मंगळवारी पबच्या याच कोपऱ्यात बिंगोचे आकडे पुकारते आणि आकड्यागणिक कोणाची तरी अब्रू काढते. पहिल्या दिवशी टेगनने त्याला 'मिस्टर डूलन' म्हटलं, तेव्हा तो सरळ उठून चालायला लागला होता.

टेगनचा ग्राफिक डिझाइनचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे डस्टीवरचं पुस्तक. उद्या बारा वाजता जमा करायचं. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली तर पदवी विसरायची. आणि ज्याचे फोटो, त्याची सही असलेलं परवानगीपत्र जोडल्याशिवाय विभाग पुस्तक हातात घेत नाही. ते पत्र तिच्या कोपराखाली होतं. कोरं.

थर ३ : लपवलेला

नऊ दिवस, कॅफेतली पाळी संपवून, पाय सुजलेले असताना, तिने स्क्रीनवर डस्टीचा चेहरा शंभरपट मोठा करून साफ केला होता, आधी कपाळावरची विगच्या जाळीची कड, मग पावडरीखालून वर आलेले दाढीचे खुंट, मग भुवया चपट्या बसवायला फासलेल्या गोंदाच्या कांडीचा पांढरट पोपडा, मग घाम, मग ओठांबाहेर गेलेला रंग, मग गळ्यावरचा वस्तऱ्याचा कापा, आणि दर वेळी सेव्ह, मूळ फोटोवरच सेव्ह, प्रत बाजूला ठेवायचं भान नाही, हात शिकवल्यासारखा चालत, डाग दिसला की

थर ४ : रिकामा

मूळ फोटो दे, डॅरिल म्हणाला. नाहीत, ती म्हणाली. कॅमेरा विद्यापीठाचा होता, त्यातलं कार्डही पुसून दुसऱ्या कोणाला दिलं होतं.

थर ५ : गोंद

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर टेगनला सोपं गेलं असतं. विग सुटायला लागला की डस्टी मुद्दाम ती कड बोटाने उचलून दाखवते, हे त्याने तिला समजावलं. गळ्यावरचा कापा दाखवते. खुंटांवरून पुढच्या रांगेतल्या एखाद्या नवऱ्याचा गाल घासते. सगळा पब हसतो तो तिथे.

"लोक इथे बाई बघायला येत नाहीत," तो म्हणाला. "बाई त्यांच्या घरी असते. हिच्यात मी कुठाय?"

तिने घाबरतच विचारलं, आज पुन्हा तयार होशील का, मी पटकन फोटो काढते. चेहरा चढवायला तीन तास लागतात, हे तिला माहीत होतं. जूननंतर बिंगो बंद, असं त्याने मंगळवारी माइकवरच सांगून टाकलं होतं, हेही.

"माझ्यात आज तीन तास नाहीत, पोरी. गुडघे तर सकाळीच घरी गेले."

थर ६ : पेन्सिल

मग त्याने काउंटरवरच्या लर्लीनला हाक मारून तळघरातला पत्र्याचा डबा मागवला. तिने तो आपटला आणि म्हातारपणी नटायची वेळ तरी बघत जा, असं सुनावलं. तो म्हणाला, तुझ्या नवऱ्याला विचार, त्याला कुठलीही चालते.

डब्यातून भुवयांची पेन्सिल निघाली. पहिलं पान पुढे ओढून त्याने हनुवटीवर टिंबं द्यायला सुरुवात केली. खुंट. मग कपाळावर एक तुटक रेघ. ओठांवरून खरी लिपस्टिक, बोटाने, बाहेर जाऊ देत. कागद तेलकट झाला. साफ केलेल्या बाईच्या आतून कोणीतरी ओळखीचं वर येत होतं.

पाच पानं झाली आणि त्याची बोटं आखडली. त्याने पेन्सिल ठेवली.

"या पाचांवर सही देतो. उरलेली फाडून टाक."

पाच पानांचंही पुस्तक होतं. टेगनने मनात हिशोब करून पाहिला, पाचांत भागत होतं. घरी जाऊन झोपताही आलं असतं.

तिने सहावं पान स्वतःकडे ओढलं. खुंट कुठे होते हे डॅरिलला अंदाजाने माहीत होतं. तिला एकेक माहीत होता. डाव्या जबड्याखाली तिघांचा पुंजका. नाकपुडीलगत एक एकटा. कापा आडवा नव्हता, तिरपा होता. जिथून जे पुसलं होतं, हात तिथे आपोआप जात होता.

डॅरिलने खुर्चीत मान टाकली होती. तिला वाटलं, झोपला.

"गोंद विसरलीस," तो डोळे न उघडता म्हणाला.

गोंदाला पांढरं काही नव्हतं. तिने टेबलावरच्या शिळ्या चिप्सच्या पुड्याच्या तळाचं मीठ चिमटीत घेऊन लिपस्टिकच्या तेलकट बोटाने भुवयांवर दाबलं. चिकटलं.

अकरावं पान झालं तेव्हा शर्यती संपून टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. तिची पाठ भरून आली होती. तिने ते पान त्याच्यासमोर सरकवलं. त्याने ते उचलून डोळ्यांपासून लांब धरलं.

"आता दमलेली दिसते," तो म्हणाला.

"जास्त झालं का?"

"नाही. तेवढी असते ती."

आणि पेन मागायला त्याने हात पुढे केला.