तटस्थ बंदर

“बाबा, आता जहाज बाहेर काढा, नाहीतर मी ताब्यात घेणार,” मार्लिस म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

ओरविलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर युद्धाच्या खेळाचा नकाशा पसरलेला. मार्लिस त्याची मुलगी. तटस्थ देश तिचा. मी एल्डन, समोरच्या घरातला, म्हणजे शत्रू. तटस्थ बंदरात फुटकं जहाज एकच खेळी थांबू शकतं, तिथे त्याला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या खेळीला मात्र बाहेर पडायचं, नाहीतर डाव संपेपर्यंत अडकून बसायचं. ओरविलचं हे शेवटचं जहाज, आणि बंदराबाहेर माझी तीन टपलेली.

नुसता खेळ असता तर मी कशाला घाबरतोय! पण हिवाळ्यात ओरविल तळघराच्या जिन्यावरून पडला आणि सकाळपर्यंत तिथेच पडून राहिला. तेव्हापासून मार्लिस त्याला वृद्धाश्रमात न्यायला बघत होती आणि म्हातारा हटत नव्हता. शेवटी वैतागून म्हणाला, “डॉक्टरचं ऐकणार नाही, तुझं तर नाहीच. फाशांचं ऐकेन. जहाज घरच्या बंदराला लागलं तर मी याच घरात मरेन. बुडालं तर गुमान येईन.” डुलुथ बंदरातल्या खनिज वाहणाऱ्या बोटींवर इंजिनांना तेल घालण्यात जन्म गेलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार?

“हवं तर अजून एक खेळी थांबा,” मार्लिस हळूच म्हणाली. “मी काही बोलणार नाही.”

“तटस्थ आहेस ना? मग तटस्थ राहा, पोरी.” त्याने जहाज बाहेर ढकललं. “हं एल्डन, मार.”

एका जहाजाला एक फासा. सहा पडला की बुडालं. हा गेला तर समोरच्या खिडकीतला दिवा कोण लावणार? पहिला फासा टाकला, दोन. दुसरा, चार. मी झटकन फासे डबीत घातले.

“निसटलास की रे म्हाताऱ्या! चल, कॉफी टाक.”

ओरविलने माझ्याकडे असं पाहिलं की कुठे तोंड लपवू असं झालं.

“तिसरं जहाज काय शोभेला ठेवलंयस?”

“अरे, ते लांब आहे...”

“दोन घरं. पोचतं. लेका, माझ्याच टेबलावर बसून माझी कीव करतोस?”

“बाबा, जाऊ द्या ना.” मार्लिसचे डोळे भरले होते. न्यायचं तर तिलाच होतं त्याला!

“टाक फासा, एल्डन.”

टाकला. मेला सहाच पडला.

ओरविलने आपलं जहाज उचलून खोक्यात ठेवलं.

“पुढच्या शनिवारी नकाशा तिकडे घेऊन ये,” तो मला म्हणाला. “आणि नीट खेळ.”

मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि मार्लिसच्या बंदरात ठेवली. बराच वेळ ती तिथेच होती. मार्लिस काही तिला हात लावेना.