दमयंतीचा राहिलेला डाव

दमयंतीचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी वैष्णवीने घर आवरायला काढलं. वैष्णवी आमची मुलगी, ठाण्याला असते. आईच्या साड्या तिने वाटून दिल्या, उरलेली औषधं टाकली आणि मग खिडकीजवळच्या टेबलाकडे आली. टेबलावर दमयंतीचा कॉम्प्युटर होता, वर्षभर चादरीखाली झाकलेला.

हा आता भंगारात देऊया, ती म्हणाली. फोटो सगळे माझ्याकडे आहेत बाबा, आणि तुम्ही काही हा लावणार नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा बघू. तिला वाटलं, जागा अडते त्याचं मला काही नाही. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

दमयंती शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची, त्यासाठी तिने हा घेतला होता. मी बर्फाच्या कारखान्यात फिटर होतो. मला त्यातलं काही येत नाही. पण दुपारची जेवणं झाली की ती त्याच्यावर पत्ते लावायची आणि मी मागे बसून बघायचो. बघायचो म्हणजे मधेमधे बोलायचो. तो गुलाम तिकडे घाल, ती राणी उचल. मग ती मागे न बघता म्हणायची, "तुम्ही गप बसा हो. मी येते का कारखान्यात, पाना कुठे लावायचा ते सांगायला?"

हॉस्पिटलात जायच्या दिवशीही ती खेळत होती. साध्या तपासण्या होत्या, एक रात्र राहून परत यायचं होतं. रिक्षावाला बाहेरून हॉर्न वाजवायला लागला. तिने डाव मिटला, तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं की हा डाव ठेवू का. तिने हो म्हणून दाबलं आणि मला म्हणाली, "आल्यावर बघते ह्याच्याकडे."

ती आली नाही.

त्यानंतर मी कॉम्प्युटर लावला नाही. आत तिचा डाव आहे एवढं मला माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं. भंगाराचं नाव निघालं तेव्हा वाटलं, एकदा बघावा. कुठे थांबली होती ते बघावं.

वैष्णवी गाडीत बसली आणि मी घरी येऊन बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क तपासावी लागेल, असं काहीतरी इंग्रजीत. खाली आकडे सरकत होते. ते एका ठिकाणी थांबले. मी चहा करून आलो, पिऊन झाला, तरी तिथेच. बंद करून परत लावला तर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळी अक्षरंही आली नाहीत, नुसता आतून टकटक आवाज यायला लागला. असा आवाज मोटरमधून आला की आम्ही मोटर बंद करायचो. मी बटण बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

साळवी स्टॉपच्या पुढे अक्षयाचं दुरुस्तीचं दुकान आहे. ती मूळची लांज्याची, लग्न होऊन इथे आली. दमयंतीचा प्रिंटर अडला की तिच्याकडेच जायचा. मी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. तिने पत्रा उघडला. आत गंज होता, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून ठेवली होती.

"काका, मिऱ्याचा अर्धा समुद्र आत आलाय," ती म्हणाली. मिऱ्याच्या किनाऱ्यालाच आमचं घर.

मग तिने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडून बघितली. तिने सांगितलं ते असं: डिस्कवरच्या काही जागा मेल्या आहेत. जिथे त्या लागतात तिथे वाचणं अडतं. जितकं वाचायला जावं तितकी ती आणखी बिघडत जाणार. तेव्हा सगळं उतरवून घ्यायच्या नादाला लागू नये. जे हवं ते आधी सांगा, ते घेते, मग नवी डिस्क घालून नवीन सिस्टिम टाकून देते.

तिने विचारलं, फोटो? मी म्हटलं, मुलीकडे आहेत. प्रश्नपत्रिका? त्या आता कोणाला. बँकेचं, विम्याचं काही? नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. दुकानात एक गिऱ्हाईक शाई भरून घ्यायला उभं होतं. ते जाईपर्यंत मी थांबलो.

"पत्त्यांचा डाव आहे त्यात," मी म्हटलं.

"खेळ? तो मोबाइलवर फुकट मिळतो, काका. द्या मोबाइल, आता घालून देते."

"तसा नको गो बाय. तिचा अर्धा राहिलाय, तो हवा."

अक्षयाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कॉम्प्युटरकडे वळली आणि शोधायला लागली.

राहिलेले डाव वेगळ्या जागी ठेवलेले असतात. नेहमीची कागदपत्रं उतरवून घेताना तिकडे कोणी बघत नाही, असं ती म्हणाली. दमयंती गेली तेव्हा वैष्णवीने फोटोंसाठी पेनड्राइव्हवर सगळं घेतलं होतं, त्यात हे आलं नसतं. फाइल सापडली. छोटीशी होती. ती घ्यायला गेलं की मशीन अडायचं, डिस्क तापायची आणि टकटक सुरू व्हायची. अक्षया बंद करायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा लावायची. मी बाकावर बसून होतो. एकदा ती म्हणाली की काका, घरी जा, मी फोन करते. मी गेलो नाही. संध्याकाळच्या आत फाइल आली. तिने ती दोन ठिकाणी ठेवली आणि मला दाखवलं. मला त्यात काय दिसणार, एक नाव आणि एक आकडा.

पण तेवढ्याने झालं नाही. नव्या सिस्टिममध्ये तो खेळच नाही. दुसरा आहे, त्याला ही फाइल कळत नाही. डाव उघडायचा तर दमयंतीच्या कॉम्प्युटरवर होती तीच जुनी सिस्टिम हवी. तिला आता कोणी विचारत नाही, इंटरनेट जोडणंही धोक्याचं. मी म्हटलं, मला इंटरनेट कशाला.

जुनी सिस्टिम काही चढेना. निम्म्यावर जायची आणि फाइल खराब आहे म्हणून थांबायची. अक्षयाने सीडी बदलली. पेनड्राइव्हवरून करून बघितलं. मग तिला वाटलं नवी डिस्कच खराब निघाली, म्हणून ती बदलली. तरी तेच, फक्त दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायची. मी रोज सकाळी जाऊन विचारायचो. दुकान उघडायच्या आधीच मला पायरीवर बसलेला बघून ती एकदा म्हणाली, "काकूंनी तुम्हाला कसं सांभाळलं हो?" मी म्हटलं, गप बसवून.

दर वेळी वेगळ्या ठिकाणी का, ह्यावर ती अडून बसली. सीडी खराब असती तर एकाच जागी थांबली असती. म्हणून मग तिने रॅम काढली. ती पट्टीसारखी असते, खाली पिवळे दात असतात. ते दात हिरवे पडले होते. खारी हवा. वर्षभर यंत्र बंद, आतली ऊब गेलेली, त्यावर पावसाळा. सीडीवरून बरोबर आलेलं ह्या पट्टीतून जाताना बिघडत होतं. अक्षयाने ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि ते दात घासले, शाळेतली मुलं चुकलेलं गणित पुसतात तसे. मग पट्टी परत बसवली.

ह्या वेळी अडली नाही. शेवटी पडद्यावर विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरणार, नाव काय. अक्षयाने माझ्याकडे बघितलं.

"होतं तेच राहू दे," मी म्हटलं.

डावाची फाइल त्यात परत घालून डबा पोचवायला ती स्वतः स्कूटरवरून घरी आली. दुपारची वेळ होती. वायरी जोडून झाल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं आणि ती मागे उभी राहिली. खेळ उघडला. मधोमध एक चौकोन आला. तिने वाचून दाखवलं: राहिलेला डाव पुढे खेळायचा का?

"तुम्हीच दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं. हिरव्यावर पानं मांडली गेली. दहा रांगा, काही पानं उघडी, काही पालथी. मला वाटलं होतं डाव बघितला की ती दिसेल. पत्ते दिसले.

अक्षयाने विचारलं, हे खेळतात कसं. मी सांगायला लागलो. मोठ्या पानाखाली त्याच्याहून एकने लहान पान लावायचं. एकाच रंगाची रांग राजापासून एक्क्यापर्यंत लागली की ती उचलली जाते. उघडं पान हलवलं की त्याच्याखालचं पालथं पान सुलटं होतं, आणि ते काय निघतं त्यावर सगळं असतं. बोट पडद्यावर फिरवत सांगत होतो आणि बोट थांबलं. एका रांगेच्या टोकाला बदामाची दश्शी होती. शेजारच्या रांगेत बदामाची नव्वी, एकटी, खाली पालथी पानं. नव्वी उचलून दश्शीवर घालायची. हे कोणालाही दिसलं असतं. दमयंतीला तर आधीच दिसलं असणार.

ती अडली नव्हती. रिक्षा आली म्हणून उठली होती, एवढंच.

"मग घाला ना," अक्षया म्हणाली.

मी म्हटलं, डाव तिचा आहे.

"काकूंनी खेळायलाच ठेवलाय ना तो?"

मी माउस धरला. पान उचललं आणि हातातून सुटून परत आपल्या जागी गेलं. पुन्हा उचललं, पुन्हा गेलं. अक्षया मदतीला आली नाही. मग एकदाची नव्वी दश्शीवर बसली आणि तिच्या जागचं पालथं पान सुलटं झालं.

इस्पिकची चव्वी. कुठे लागणारी नव्हती, काही कामाची नव्हती. पण हे पान दमयंतीने बघितलेलं नव्हतं. ती उठली तेव्हा ते पालथं होतं, नंतर वर्षभर पालथंच राहिलं. आता ते काय आहे हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

"चव्वी निघाली गो," मी म्हटलं.

अक्षयाने आधी हं म्हटलं. मग मी तिच्याशी बोलत नव्हतो हे तिच्या लक्षात आलं आणि पाणी पिऊन येते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.