चुणीत गेलेला समुद्र

मित्रांनो, विमानाच्या तिकिटांच्या दुकानात शिरलात की दार आणि कपाट यांच्या मधोमध एक नकाशा दिसतो. ज्याच्या मागे पाल राहते, तोच मी. पाठीला कापड आहे, पोटात सगळं जग आहे, आणि आता दोन्ही जरा विटली आहेत.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी सपाट होतो. माझ्या महासागरांचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग दुकानदार भाऊंच्या मेहुण्याने मला लावायला घेतलं आणि भिंत अपुरी पडली. त्याने भिंतीला चार शब्द सुनावले, माझ्या मधोमध एक चूण घातली आणि खिळे ठोकले. त्या चुणीत एक अख्खा समुद्र गेला. अलीकडचं आमचं शहर आणि पलीकडचं शहर एकमेकांना खेटून बसली.

भाऊंची पद्धत सरळ होती. प्रवासाला वेळ किती, असं कुणी विचारलं की ते माझ्यावर वीत ठेवत. एक वीत म्हणजे दोन तास. वेळ तिकिटावरही छापलेली असे, पण छापणारे तिथे जाऊन आलेत का, असं भाऊंचं म्हणणं.

एकदा समोरच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. पलीकडच्या शहरात त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. आगगाडी समुद्राला वळसा घालून जाते. तिने गेल्या असत्या तर नातवंडच स्टेशनवर घ्यायला आलं असतं. आणि विमानाला मावशी भारी घाबरायच्या. पण लेक फोनवर रडली होती.

"तासभर मी काहीही सोसते," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर एक मिनिट लागणार असेल तर तिकीट फाडूच नका."

भाऊंनी माझ्यावर हात ठेवला. चार बोटं भरली.

"पाऊण तास," भाऊ म्हणाले. "तोही वारा आडवा आला तर."

मला ओरडावंसं वाटलं. पण मुखं असतात ती माझ्यावरच्या नद्यांना, मला नाही.

पुढचं मी मावशींकडूनच ऐकलं. पाऊण तास होताच त्या पिशवी घेऊन विमानाच्या दाराशी उभ्या राहिल्या. हवाईसुंदरीने समजावलं की अजून दोन तास आहेत. मावशींनी उलट तिलाच चार बोटं दाखवली. खाली नुसतंच पाणी दिसलं तेव्हा त्या बसल्या, आणि भाऊंवर संतापण्याच्या नादात घाबरायचं राहूनच गेलं. नात जन्मायच्या आत पोचल्या. परतही विमानानेच आल्या; राग तेवढा पुरला.

आल्या त्या टेप आणि इस्त्री घेऊनच दुकानात.

"अहो, ही चूण आहे," त्या भाऊंना म्हणाल्या. "आत एवढं कापड गेलंय, आणि तुम्ही वरवर माप घेता?"

मला उतरवून त्यांनी टेबलावर इस्त्री केली. समुद्र बाहेर आला, कोरा करकरीत निळा. पुन्हा लावल्यावर लेकीचं शहर थेट कपाटाच्या दारावर गेलं. भाऊंनी कपाट उघडलं, तशी त्याने पाठ फिरवली.

मावशींनी दोन्ही शहरांमध्ये टेप धरली. आकडा वाचला. मग टेप सावकाश गुंडाळली.

"एवढी लांब आहे होय लेक," त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून सुई काढली. "चूण परत घालते. आता टाके घालूनच टाकते, सुटायला नको. पुढच्या महिन्यात मला पुन्हा जायचंय."

तर मित्रांनो, वेळ तिकिटाला विचारा, त्याला कळतं. मला मात्र इस्त्री करू नका. आणि जमलं तर त्या पालीला हाकला. ती सारखी माझ्या निळ्यावर येऊन बसते. परवा एका नव्या जोडप्याला भाऊंनी तीच शांत, सुंदर बेट म्हणून सुचवली. वीत ठेवायला गेले, तर बेट पळालं.