फारसीच्या मंडळाची बैठक

गंगेकाठच्या त्या विद्यापीठात फारसी विभाग कुलगुरूंच्या कचेरीहून जुना. जमिनीचे जुने कागद फारसीत असत, म्हणून वकिलीला जाणारी पोरं आधी इथे येऊन बसत. पुढे ते कागद वाचायची गरज संपली. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले आणि निम्मी कॉलेजं नव्या विद्यापीठाकडे गेली. शिक्षक निवृत्त होत राहिले, त्यांच्या जागा भरायच्या राहिल्या. उरल्या एकट्या डॉ. शगुफ्ता करीम. विभागाच्या बैठकीत अध्यक्षही त्याच आणि उशिरा येणाऱ्याही त्याच, असं हिंदीवाले म्हणत.

पण अभ्यास मंडळाची बैठक एकट्याने भरवता येत नाही. अभ्यासक्रमाचं काम शिल्लक असेल तर वर्षातून एकदा ती घ्यावी लागते, आणि तिला परक्या विद्यापीठातला एक फारसीचा जाणकार लागतो. बंगालातून प्रा. रझी इमाम येत. त्यांच्या विभागातही ते एकटेच. शगुफ्ता दरवर्षी एखादा पेपर अर्धवट ठेवत आणि 'पुढील बैठकीत विचार व्हावा' असं लिहून घेत. इमामसाहेब निमूट सही करत. हिशेब खात्यातले लोक विचारत, हा अभ्यासक्रम अजून शिजतोच आहे का? बैठकीच्या दिवशी दोघांचं जेवण, चहा, भांडण सगळं फारसीत होई. उरलेलं वर्ष शगुफ्ता फारसी वाचत, बोलायचं कोणाशी?

यंदा इमामसाहेब महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे तिथली जागा रिकामीच राहणार होती. त्यात अधिष्ठाता त्रिवेणी प्रसाद सिंह एक ठराव घेऊन आले: फारसी विभाग उर्दूत विलीन करावा. मंडळात माणसं तीन. एक मत सिंहांचं, एक शगुफ्तांचं, म्हणजे निकाल इमामसाहेबांच्या हातात. तो आपल्याच हातात आहे असं शगुफ्ता धरून चालल्या होत्या.

"मॅडम, मी काही कसाई नाही," सिंह बशीतल्या खाज्याचा तुकडा मोडत म्हणाले. "उर्दूत गेलात तर भांडायला तरी चार माणसं मिळतील. इथे कोणाशी भांडता? पंख्याशी?"

"पंखा मध्येच बोलत नाही," शगुफ्ता म्हणाल्या. "माझा विरोध लिहून घ्या. इमामसाहेब, तुमचं मत सांगा."

इमामसाहेबांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मग, इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच, हिंदीत म्हणाले, "ठरावाच्या बाजूने."

सिंहांनी उरलेला खाजा तोंडात टाकला आणि सही करून दुसऱ्या बैठकीला पळाले.

इमामसाहेबांना सोडायला शगुफ्ता रिक्षाने स्टेशनपर्यंत गेल्या. गाडीला वेळ होता. बाकावर दोघांच्या मध्ये इमामसाहेबांनी आपली बॅग ठेवली होती, नेहमीसारखी.

"शिव्या द्यायच्या तर फारसीत द्या," ते म्हणाले. "इथे कोणाला कळणार नाही."

"विकलंत मला."

"मी तिथे एकट्याने काय केलं, ठाऊक आहे? सकाळी कुलूप काढायचो, संध्याकाळी लावायचो. मध्ये टपालवाला आला तर त्याला बसवून ठेवायचो. पुढेपुढे तो दारातूनच टाकून जायला लागला. तुमची नोकरी अजून बरीच आहे. तशी काढू नका."

"उर्दूवाल्यांत मी करू काय? त्यांच्या बढत्यांच्या गप्पा ऐकू?"

"ऐका. कंटाळा यायलासुद्धा माणसं लागतात."

शगुफ्तांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. त्या खचल्या होत्या, पण विभाग गेल्याने नव्हे. विभाग उर्दूत गेला म्हणजे फारसीचं मंडळही गेलं आणि इमामसाहेबांचं येणंही, हे त्यांनी बैठकीत बसल्याबसल्याच मनात मांडून पाहिलं होतं. आणि विभाग राहिला असता तरी निवृत्त माणसाला सदस्य करता येत नाही. दोन्हीकडून बाकी शून्यच येत होती. तरी इमामसाहेबांनी विरोधात मत द्यायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं.

"पुढच्या वर्षी कसे याल?" त्यांनी विचारलं.

"असाच. गाडीत बसून."

"कशासाठी आलात, असं लोक विचारतील तेव्हा?"

इमामसाहेबांनी बॅगेचा पट्टा नीट केला. त्यांची बायको जाऊन बराच काळ झाला होता. शगुफ्तांनी लग्न केलं नव्हतं. इतक्या वर्षांत विषयपत्रिकेबाहेरचं, मनातलं एक वाक्य दोघांपैकी कोणी उच्चारलं नव्हतं.

"निमित्त लागतंच का?" इमामसाहेबांनी शेवटी विचारलं.

शगुफ्तांनी खरंच विचार केला. नाही म्हणावं, तर पुढचं बोलणं आपल्यालाच बोलावं लागेल. त्याची तयारी कधी केली नव्हती.

"आपल्याला लागतं," त्या म्हणाल्या.

इमामसाहेबांनी मान हलवली, जशी ते मंडळात हलवत, आणि बॅग उचलली. दोघांच्या मधली जागा मोकळी झाली तेव्हा गाडी फलाटाला लागत होती.