पाकिटातला केक

सत्तरी गाठलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा केक करायला घ्यावा, तोही नाताळ चार दिवसांवर आलेला असताना, भर दुपारी आणि एकट्यानं, याला काय म्हणावं? बायको असती तर म्हणाली असती, "अहो, आधी स्वतःपुरता चहा तरी करायला शिका." पण लिडिया फेब्रुवारीत गेली. बर्नार्ड चहा करायला शिकला आणि तो बरा करायलाही लागला. आता केक.

या सगळ्याच्या मुळाशी होती एक स्टीलची डिश.

आमच्या वसईत ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. दोन-तीन दिवस शेजारपाजारचे, नात्यातले जेवण पाठवतात. लिडिया गेली तेव्हाही वाडीतल्या घराघरांतून डबे आले, पातेली आली, डिशा आल्या. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, त्यामुळे कुणाचं कुठलं ते विचारायला नको. भांडं मात्र रिकामं परत करायचं नाही. आता बर्नार्डला त्यात काय घालायचं ते सुचणार कुठून? भांडी पडून राहिली. ती द्यायची राहिली म्हणून तो लोकांची नजर चुकवायला लागला, आणि तो नजर चुकवतो म्हणून लोकही यायचे कमी झाले. शेवटी परवा नायगावहून लेक आली, स्टेफी. तिनं प्रत्येक भांड्यात बिस्किटांचा पुडा टाकला आणि तासाभरात सगळी घरोघर पोचती केली. "झालं, पप्पा! एवढ्यासाठी दहा महिने?"

ती गेल्यावर कपाट पुसताना अगदी खालच्या फळीवर, मागे, बर्नार्डला आणखी एक डिश सापडली. खोलगट, जाड, हाताला चांगली जड. त्यानं उलटी करून पाहिली. बुडाला कोरलं होतं, मार्सेल व बेला.

तो तिथंच कपाटासमोर फरशीवर बसला.

मार्सेल त्याचा धाकटा भाऊ. वाडीच्या पलीकडच्या टोकाला त्याचं घर, मध्ये केळीचे चार वाफे आणि एक विहीर. आठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? ऐकाल तर हसाल. वडिलांच्या वर्षाच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, चिठ्ठी मार्सेलनं लिहून दिली आणि वेदीवरून फादरांनी जशीच्या तशी वाचली, "मिस्सा अर्पण करत आहेत मार्सेल आणि परिवार." संपलं. थोरल्या मुलाचं नावच नाही! चर्चच्या पायऱ्यांवरच जुंपली. मार्सेल म्हणाला, "परिवार लिहिलंय ना? तू काय परिवाराबाहेरचा?" बर्नार्ड म्हणाला, "मग स्वतःचं नाव वेगळं कशाला लिहिलंस?" यावर मार्सेलला उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही म्हणून तो जास्तच चिडला. तेव्हापासून बंद ते बंद. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोघांची जात.

आणि त्या मार्सेलच्या घरून लिडिया गेली तेव्हा जेवण आलं होतं! बर्नार्डला त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं. कुणी आणून ठेवलं, त्यात काय होतं, आपण खाल्लं की नाही, काही नाही. म्हणजे भाऊ आधीच वाकला होता, आणि आपण साधं भांडंसुद्धा परत केलं नाही. मार्सेलनं किती दिवस वाट पाहिली असेल, मग कधीतरी सोडून दिली असेल. त्याला भाऊ परत हवा होता. इतका हवा होता, हे त्याचं त्यालाही तोवर ठाऊक नव्हतं.

इथं बिस्किटांचा पुडा चालणार नव्हता.

"केक? तुम्ही?" स्टेफी फोनवर एवढ्या जोरात ओरडली की त्यानं फोन कानापासून लांब धरला. "पप्पा, आईसारखा नाही हं जमणार. तिची फळं सप्टेंबरपासून रममध्ये मुरत असायची. तुम्ही सरळ शॉर्टकट मारा. सगळं तयार मिळतं. मी यादी पाठवते."

यादी घेऊन बर्नार्ड रिक्षानं बोळिंजच्या मोठ्या दुकानात गेला. केकच्या पिठाचं तयार पाकीट, टुटीफ्रूटी, काजू-बदाम-मनुकांचे आधीच कापून ठेवलेले तुकडे, पाकातल्या फळांचा डबा, संत्र्याच्या रसाचा खोका. म्हणजे करायचं काय उरलं? गल्ल्यावरच्या पोरीनं एकेक वस्तू मशिनसमोर धरत विचारलं, "अंकल, आंटीसाठी सरप्राइज का?"

"हो," बर्नार्ड म्हणाला. खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलं नाही.

दुपारी त्यानं दार लोटलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कामाला लागला. सुका मेवा आणि टुटीफ्रूटी वाडग्यात घालून त्यावर संत्र्याचा रस ओतला. पंधरा मिनिटं भिजवायचं. तीन महिन्यांचं काम पंधरा मिनिटांत! पण लाल, हिरवे, पिवळे तुकडे रसात हळूहळू फुगत गेले, खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्यावर पडलं, आणि तो नुसता बघत उभा राहिला. पंधराची पंचवीस मिनिटं झाली तरी त्याला कळलं नाही.

मग पाकीट फोडलं. अंडी फोडली, त्यातलं एक अर्धं ओट्यावर गेलं. तेल, दही, डब्यातल्या फळांच्या फोडी. पाक निथळून टाकायचा होता, पण टाकून द्यायला त्याचा हात धजेना, तोही थोडा ओतला. लिडियाचा लाकडी डाव घेऊन तो ढवळायला लागला.

"एकाच बाजूनं ढवळा हो. भात कालवताय का?" लिडियाच म्हणाली जणू.

"एकाच बाजूनं तर ढवळतोय," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून जरा लाजला. पण दिशा बदलली नाही.

लांबट टिनाला तेल लावून त्यानं मिश्रण ओतलं आणि टिन लिडियाच्या जुन्या गोल ओव्हनमध्ये ठेवला. त्या ओव्हनच्या झाकणाला मधोमध काच होती. पहिली दहा मिनिटं तो त्या काचेवर वाकून बसला. काही होत नव्हतं. मग कडा जराशा वर आल्या. मग वास सुटला.

काय वास सुटला म्हणून सांगू! पाकिटातला असला म्हणून काय झालं, गरम लोण्यासारखा, संत्र्याच्या सालीसारखा. आधी स्वयंपाकघर भरलं, मग मधली खोली, मग लिडियाच्या साड्यांच्या कपाटापर्यंत पोचला. बर्नार्ड मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. डिसेंबरचं ऊन मऊ झालं होतं, केळीची पानं आळसानं हलत होती. त्याचे डोळे कधी मिटले ते त्याला कळलं नाही.

वास दारातून बाहेर पडला आणि तो त्याच्या मागोमाग निघाला. पायांना जमीन लागत नव्हती, आणि त्याचं काही नवलही वाटत नव्हतं. विहिरीपाशी मार्सेल होता, सात-आठ वर्षांचा, उघडा, काठावर पोटावर झोपून पाण्यात स्वतःचं नाव ओरडत होता. मा-र्सेऽऽल. विहीर ते नाव परत देत होती. "माझं पण ओरड ना," बर्नार्ड म्हणाला. मार्सेलनं मान वळवून पाहिलं, आणि तेवढ्यात केळीच्या वाफ्यातून लिडिया आली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळातली, निळ्या साडीतली, हातात पिठाचा वाडगा. ती दोघांच्या मध्ये बसली. पाण्यावर ऊन हलत होतं, आणि तिघंही ते हलणारं ऊन बघत बसले. आयुष्यभर बसले असते.

"जळतोय!" लिडिया म्हणाली.

बर्नार्ड ताडकन उठला. जळत नव्हता, पण मधोमध चांगली भेग पडली होती आणि कडा काळपट झाल्या होत्या. विणायची सुई खुपसून पाहिली. कोरडी निघाली. त्यानं टिन उलटा केला, ठोकला, आणि केक सुटून ओट्यावर आला. थोडा वाकडा, पण अख्खा! बर्नार्डनं एकट्यानंच टाळी वाजवली.

केक जरा निवल्यावर त्यानं तो डिशमध्ये ठेवला, वर फडकं टाकलं आणि निघाला. वाटेत कुणी विचारू नये म्हणून डिश छातीशी लपवून. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं. विहिरीपाशी तो थांबला. परत फिरावं का? पण हातात अजून ऊब होती. तिनंच त्याला पुढं नेलं.

मार्सेल अंगणात स्टुलावर चढून चांदणीचा कंदील बांधत होता. बेला खाली स्टूल धरून उभी. तिनं आधी पाहिलं.

"दादा," ती म्हणाली.

मार्सेल स्टुलावरून उतरला नाही. हातातली तार तशीच धरून वर उभा राहिला. केस सगळे पांढरे झाले होते. एवढ्या जवळून बर्नार्डनं ते पाहिलेच नव्हते.

"तुमचं भांडं द्यायला आलो," बर्नार्ड घाईघाईनं म्हणाला. वाटेत जुळवलेलं सगळं तो विसरला होता. "उशीर झाला. लिडिया गेली तेव्हा तुम्ही जेवण पाठवलंत. मला तेव्हा शुद्ध नव्हती, मार्सेल. परवा सापडलं. केक आहे. मीच केलाय. पाकिटातला आहे, पण..."

बेलानं डिश हातात घेतली. फडकं बाजूला केलं, डिश जरा वर धरून खालून पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पटकन म्हणाली, "असू दे हो दादा. त्यात काय? या, बसा ना."

मार्सेल हळूहळू खाली उतरला. तिघं ओट्यावर बसले. बेलानं सुरी आणली, तीन तुकडे कापले. मार्सेलनं एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. गोड संध्याकाळ पडत होती. इतकं सोपं होतं तर आठ वर्षं काय केलं, असं बर्नार्डला वाटत होतं. आता काही बोलायचीही गरज नव्हती. हे असंच राहू दे, त्यानं मनात म्हटलं.

मार्सेलनं उरलेला तुकडा डिशमध्ये ठेवला.

"दादा, आम्ही काही पाठवलं नव्हतं."

"अहो," बेला म्हणाली.

"खोटं खाऊ किती? घशाखाली उतरत नाही." मार्सेलचा आवाज चढला. "ही डिश आम्ही वहिनीला दिली होती. तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. कोरणाऱ्यानं आमची नावं तेवढी कोरली, 'कडून' राहिलं. भांडणानंतर तिनं ती मागे सारली असेल, तू नाव वाचून फेकून देशील म्हणून. आम्ही काही पाठवलं नाही. बेला भात-कालवण करून बसली होती, मीच नेऊ दिलं नाही. दफनाला आलो, तो भिंतीपाशी उभा राहिलो. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी तेवढंही केलं नाही."

बर्नार्ड ऐकत राहिला. भाऊ वाकला होता म्हणून तो इथवर आला होता, आणि भाऊ वाकलाच नव्हता. आता उठून गेला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण मार्सेलनं खरं सांगितलं होतं, आणि आता गप्प राहणं त्याला शक्य नव्हतं.

"तिनं तुला बोलवायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये. दोनदा. मी फोन केला नाही. तिला म्हटलं, मार्सेल बाहेरगावी गेलाय."

बेलाचा हात तोंडावर गेला.

"आणि ती?" मार्सेलनं विचारलं.

"म्हणाली, बरं. आला की सांगा मला."

मार्सेल उठला. "जिवंतपणी तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस मला," तो म्हणाला आणि आत निघून गेला. दार धाडकन लागलं. बर्नार्ड उठला. संपलं होतं सगळं. फाटकापर्यंत तो कसा चालत गेला ते त्यालाच माहीत. मागून दार उघडल्याचा आवाज आला. मार्सेल शर्टाची बटणं लावत येत होता.

"चल."

"कुठं?"

"अजून उजेड आहे. चल म्हणतो ना!"

चर्चच्या मागच्या वाटेनं दोघं गेले, मार्सेल पुढे, बर्नार्ड चार पावलं मागे. नाताळसाठी चर्चला लावलेले दिवे नुकतेच लागले होते आणि त्यांचा निळा-पिवळा उजेड दफनभूमीच्या भिंतीवरून आत सांडत होता. लिडियाच्या क्रूसापाशी मार्सेल खाली बसला. मूठभर माती उचलली, पण टाकली नाही. मुठीत धरून तो ढसाढसा रडायला लागला.

बर्नार्ड त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून क्रूसाकडं वाकला.

"लिडिया," तो म्हणाला, "मार्सेल आलाय गं."