कान तुटलेला कप

दीपमालाचा चहा घरातल्या सगळ्यांच्या चहापेक्षा गोड असायचा. दोन वर्षं रोज सकाळी सासू, गोजराबाई, तिला कान तुटलेल्या कपात चहा द्यायची आणि त्या कपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला सासूला खपायचा नाही. तळाशी काहीतरी पांढरट उरायचं.

संशय यायला एवढं पुरे होतं. पण संशय घ्यायची बंदी नेमकी दीपमालालाच होती! शहाण्णव साली विहिरीत कुणीतरी विष कालवलंय म्हणून तिने गाव डोक्यावर घेतलं होतं. मग दवाखाना झाला. ती घरी आल्यावर वणीच्या देवीचा नवस फेडून 'सून देवीनं बरी केली' असं गोजराबाईने आजूबाजूच्या मळ्यांत सांगून टाकलं. आता पुन्हा 'चहात काहीतरी आहे' म्हणावं, तर चार वर्षांच्या ओमला सोडून कायमची माहेरी रवानगी. गप्प बसावं, तर रोज काय पोटात जातंय कोण जाणे. स्वतःच्या डोक्यावर तिचा भरवसा उरलाच कुठे होता?

दसऱ्याला दोन दिवस होते. अंगणात झेंडूचा ढीग पडला होता. दीपमालाने मनाचा हिय्या केला आणि चहा आला तसा सासऱ्यांपुढे धरला.

"आबा, तुम्ही घ्या. मला नको आज."

भिमाजींनी हात पुढे केला. गोजराबाईने झडप घालून कप ओढला. निम्मा चहा फुलांवर सांडला.

"त्यात काय हाय, आत्याबाई?"

गोजराबाईने लेकाकडे, दीपमालाच्या नवऱ्याकडे पाहिलं. समाधानने दोऱ्याच्या डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"डाक्टरनं चालू ठेवायला सांगितलंय," तो म्हणाला. "तू थुंकून टाकायची. अन् लोकांना कळलं असतं तर..."

म्हणजे विष नव्हतं. आणि वेडही नव्हतं! तिला दिसलं ते खरं होतं. दीपमालाला आधी हसू आलं आणि मग संताप आला.

"दोन वर्षं मी माझ्याच डोक्याला भ्यायले," ती म्हणाली. "उद्यापासून गोळी माझ्या हातावर ठेवायची. सगळ्यांदेखत."

दुसऱ्या दिवशी माळा ओवायला शेजारच्या बाया आल्या. दीपमालाने गोळी तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला.

"कशाची गं?" चिमणाबाईने विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"डोक्याची. आजार हाय मला. गोळी घेते म्हणून उभी हाय."

सुया थांबल्या. चिमणाबाईने गोजराबाईकडे चोर पकडल्यागत पाहिलं आणि स्वतःचा चहा हळूच दूर सारला. आता सासू उठून आत जाणार, असंच दीपमालाला वाटलं.

गोजराबाईची मान खाली होती. तिने हात लांब केला, सुनेपुढचा कान तुटलेला कप उचलला आणि त्यातला उष्टा चहा सगळ्यांसमोर पिऊन टाकला.

"साखर बरोबर झाली आज," ती म्हणाली. "ओवा गं बायांनो, बाजाराचा टेम्पो यायची येळ झाली."