अकरा खुणा

पांढऱ्या मगाच्या काठावर केसाएवढा तडा होता. चहा ओतला की त्यात तपकिरी रेघ उमटायची, धुतला की जवळजवळ नाहीशी व्हायची... जवळजवळ. चिनी मातीत एकदा शिरलेला रंग आत राहतोच, फक्त दिसत नाही, हे वेदिकाला ठाऊक होतं. तिचे वडील, तात्या, तो तडा चुकवून, बरोबर उलट्या बाजूनं ओठ लावून चहा पीत होते. तो मग तिचा, पण वापरायचे तेच. तीन वर्षांपूर्वी हॉलंडहून, तिच्या कंपनीकडून, खोक्यातून आला तेव्हा त्यांनी तो आधी शोकेसमध्ये ठेवला होता, आणि त्यावरचे तीन डच शब्द कॉलनीत ज्याला त्याला दाखवून अर्थ सांगितला होता. अर्थ मारेकानं, वेदिकाच्या तिथल्या वरिष्ठ बाईनं, कळवलेला : आमच्यातली एक.

समोर लॅपटॉपवर मारेकाचंच पत्र उघडं होतं. गोड पत्र. वकिलांनी भारतातल्या लोकांची कागदपत्रं पाहिली आहेत, सोबतच्या घोषणापत्रावर तुझ्या घड्याळाप्रमाणे पाचच्या आत सही करून पाठव. त्यात लिहिलेलं : मी या कंपनीची कर्मचारी कधीही नव्हते. माझ्या कामाची वेळ मी ठरवते. साधनं माझी आहेत... सही नसेल तर काम महिनाअखेर थांबेल, हे शेवटून दुसऱ्या ओळीत, ट्यूलिपच्या चित्राच्या जरा वर. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि खाली तक्ता. अकरा ओळींचा.

तक्ता तिचाच होता. परदेशी कंपन्यांना दुसऱ्या देशात माणसं कामाला ठेवायची तर तिथले नियम काय, पीएफ किती, ग्रॅच्युइटी कधी, बाळंतपणाची रजा, पगारातून कापायचा कर, हे सगळं सोप्या भाषेत लिहून द्यायचं काम ती मारेकाच्या कंपनीसाठी देवासच्या या मागच्या खोलीतून करत होती. एमएस्सी रसायनशास्त्रात, म्हणून तक्ताही तिनं प्रयोगवहीसारखा आखला होता : अमुक द्रावण घाला, पांढरा अवक्षेप आला तर क्लोराइड आहे. तसंच माणसाचं. कागदावर तो स्वतंत्र कंत्राटदार, पण आतून नोकर आहे की नाही? वेळ ठरलेली आहे का? रजा मागावी लागते का? लॅपटॉप कंपनीचा का? कंपनीच्या नावाच्या भेटवस्तू मिळतात का? अकरा खुणा. मारेकानं तेव्हा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मी... मी लाजले होते.

आता प्रत्येक खुणेपुढे तिचं नाव होतं, आणि त्यापुढे ती खूण पुसायचा उपाय. लॅपटॉप : तिला एका युरोला विकला, पावती सोबत. रजा : यापुढे मागू नये, कळवावी. मग : परत पाठवायची गरज नाही, तो आता जवळ नाही असं लेखी घ्यावं.

‘लेखी घ्यावं.’ हे वाक्य ती ओळखत होती. ‘उपाय’ हा रकाना मारेकानं मागितलाच नव्हता. ग्राहकांना उपयोगी पडेल म्हणून वेदिकानंच सुचवला होता, एका दुपारी, उत्साहानं. तेव्हा त्या खुणा कुणाच्या तरी होत्या, पुण्याच्या, कोचीच्या, चेहरा नसलेल्या कुणाच्या तरी. मीठ परीक्षानळीत तसंच राहतं आणि आपण नळी फक्त बाहेरून धुतो, हे तिला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण रकाना नीट भरला होता, आणि तो भरल्याचा आनंद खरा होता.

“काय कृष्णराव, आज पण विलायती चाय?” मानाजीकाका चपला काढत होते. तात्यांच्या जुन्या कारखान्यातले, आता दोघेही रिटायर. “भिया, अपनी तो जिंदगी स्टीलच्या गिलासात निघून गेली.”

“पोरगी परमनंट आहे, मानाजी. गंमत नाही,” तात्या म्हणाले.

परमनंट. हा शब्द ते प्रसादासारखा तळहातावर घेत. धारहून पोटापाण्यासाठी इथे आले आणि नऊ वर्षं ठेक्यावर राहिले; दर दसऱ्याला धारला गेले की आजोबा सोनं हातात ठेवण्याआधी विचारायचे, झालास का? वेदिका त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती. फक्त दुरुस्त केलं नव्हतं. परदेशी कंपन्यांच्या कायद्यातही हाच शब्द होता, पण उलटा : इथे कंपनीचं परमनंट ठिकाण आहे असं ठरलं, तर नफ्यावर इथे कर भरावा लागतो. तात्यांना नऊ वर्षांनी जे मिळालं, ते चुकूनही मिळू नये म्हणून तिकडे वकील बसवलेले.

मानाजीकाकांनी गिलास घेतला आणि तीच गोष्ट काढली, शंभरदा सांगितलेली. लेबर इन्स्पेक्टर येणार असला की सुपरवायझर सकाळीच ओरडायचा, “ठेकेवाले, हाथ धो के पीछे के गेट से निकल लो!” मग रॉकेलनं ग्रीस काढायचं आणि भिंतीपलीकडे बाभळीखाली डबे घेऊन बसायचं. एकदा इन्स्पेक्टर साहेब स्वतःच लघवीला भिंतीमागे आला. कहाँ काम करते हो?

“मी म्हटलं, कहीं नहीं साब, बारात में आए हैं!”

तात्या हसत हसत खोकले. “आणि तो काय म्हणतो... अच्छी बारात है!”

वेदिका हसली नाही. “तात्या, तेव्हा का नाही सांगितलं त्याला?”

“काय सांगायचं, बेटा? त्याला कळत नव्हतं का? हाताला रॉकेलचा वास येत होता. माझ्या हाताकडे बघून गेला तो.”

“मग?”

“मग काय. संध्याकाळी परत मशीनवर.” त्यांनी शेवटचा घोट घेतला, रिकामा मग तिच्याकडे सरकवला. “धुऊन ठेव गं. जपून, तडा आहे.”

बेसिनपाशी तिनं साबण-सोडा लावून तडा घासला. एकदा, दोनदा. रेघ फिकट झाली, मग दिसेनाशी झाली. आपण भिंतीच्या नक्की कुठल्या बाजूला... बाभळीखाली बसलेली मीच, आणि ‘हाथ धो के’ ओरडणारीही मीच. आणि तो आवाज माझाच, नेटका, रकान्यात बसवलेला. बाहेर दोघं अजून बारातीवर हसत होते. घड्याळात पाचला वीस मिनिटं होती, सही अजून बाकी होती, खोलीत लॅपटॉपचा, तिच्या एका युरोच्या लॅपटॉपचा पडदा विझला होता.

तिनं नळ बंद केला. ओले हात नाकाशी नेले, आणि थांबून, प्रयोगशाळेत शिकवलं होतं तसं, सावकाश पुन्हा एकदा हुंगून पाहिले. साबण. दुसरं काहीच नाही. तात्यांच्या हातांना निदान वास तरी राहिला होता.